किटलच्या गढीचा अडसर

१

बुधवारी सकाळी वर्ना क्रिसलिपने कपाटातला फोल्डर उचलला आणि तो तिला हलका लागला. एकतीस वर्षं काउंटीच्या कोर्टात जमिनींचे दस्त सांभाळलेला हात होता तो. चार पानं आहेत की दोन, हे त्याला डोळ्यांच्या आधी कळायचं. तिने फोल्डर उघडला. पहिलं पान होतं, दुसरं होतं. तिसरं आणि चौथं गायब.

"काय झालं?" टेबलापलीकडून लिओना कॉनरने विचारलं.

"अर्धी जबानी गेली," वर्ना म्हणाली.

लिओना उठून फोल्डरपाशी आली. ती डेलावेअर या मूळ अमेरिकी जमातीची, ओक्लाहोमातल्या एका शाळेत शिकवणारी. जबानी सापडल्याचं कळताच दोन दिवस गाडी चालवून ती या डोंगरात आली होती, ती केवळ या चार पानांसाठी. सात पिढ्यांमागे तिच्या पूर्वजांचं एक कुटुंब याच खोऱ्यात मीठ आणि अस्वलाची कातडी विकायला आलं होतं आणि त्यातली बहुतेक माणसं परत गेलीच नव्हती, असं तिच्या घरात सांगत आले होते.

किटलच्या गढीची गोष्ट खोऱ्यात शेंबड्या पोरालाही पाठ होती. मोठ्या रस्त्याच्या वळणावर लोखंडी पाटीच होती तशी: 'येथे किटलची गढी होती. एप्रिल १७८२ मध्ये ॲब्सलम रड याने फितुरी करून दार उघडले. रानटी टोळीने सात जणांस मारले. कॉनराड क्रिसलिप दाराशी लढता लढता पडला.' कॉनराड हा वर्नाचा पूर्वज. दर वसंतात शाळेची पोरं त्या पाटीपाशी उभी करून वर्ना त्याची गोष्ट सांगायची, आणि सांगताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

गेल्या वर्षी एका ट्रकने पाटी वाकवली. नवी बसवायची होती. तिच्यावर कोणता मजकूर घालायचा, ते येत्या शनिवारी इतिहास मंडळाच्या सभेत ठरणार होतं. आणि नेमकी गेल्या आठवड्यात, सोमवारी, कोर्टाच्या माळ्यावरच्या खोक्यात ही जबानी सापडली. बार्बरा किटल, त्या वेळी नऊ वर्षांची. १८३३ साली म्हातारपणी तिने न्यायाधीशापुढे सांगितलेली हकीकत.

काल, मंगळवारी, वर्ना आणि लिओना दिवसभर ते जुनं, किरटं अक्षर लावत बसल्या होत्या. चार वाजेपर्यंत दोन पानं झाली. लिओनाने ती वहीत उतरवून घेतली होती. दुसरं पान मधेच तुटत होतं, आणि ते शेवटचं वाक्य दोघींच्याही डोक्यात रात्रभर फिरत राहिलं होतं:

'मीठ विकायला आलेल्या पाहुण्यांना मक्याच्या कोठारात कोंडले होते. पहाटे अडसर निघाल्याचा आवाज मी ऐकला. तो काढणारा हात मी ओळखला. तो हात होता—'

२

इतिहास मंडळाची कचेरी म्हणजे गावातला जुना तुरुंग. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या चौघांकडे: वर्ना स्वतः, मंडळाचे अध्यक्ष होबार्ट किटल, कोर्टाची डागडुजी पाहणारा थर्मन टीटर, आणि जुन्या वह्यांची शिवण दुरुस्त करणारी डेल्फा रड.

होबार्ट किटल ब्याऐंशी वर्षांचे. आपल्या घराच्या व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसले होते, मांडीवर भिंग.

"ये पोरी," ते म्हणाले. "तू थर्मनला फोन केलास ना, त्याने सांगितलं मला. गेली ना पानं? बरंच झालं म्हणायचं."

"होबार्टकाका, तुम्ही घेतलीत का?"

"मी?" ते एवढे हसले की खोकला आला. "अगं, मला आता बायबलचं मोठं अक्षर दिसत नाही. पण दिसत असतं तर घेतली असती, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? माझ्या जेकब किटलने पाहुण्यांना कोठारात कोंडलं, असलं काहीतरी लिहिलंय म्हणे त्यात. दोनशे वर्षांनी आता हे उकरायचं?"

"ते पहिल्याच पानावर आहे. लिओनाच्या वहीत उतरवलेलंही आहे."

"तिच्या वहीला कोण विचारतो? कुठून कुठली बाई, तिने वहीत काहीही लिहावं! सभेत मूळ कागद दाखवा म्हणेन मी. मूळ कागदच नसेल तर विषय संपला." त्यांनी भिंग वर्नाच्या दिशेने रोखलं. "आणि तू ऐक माझं. त्या बाईच्या गाडीची झडती घ्यायला सांग शेरीफला. जाताना काल सगळ्यात शेवटी कोण होतं तिथे?"

"मी होते, काका. आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडलो."

"मग तुझ्याही गाडीची," होबार्ट म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

३

थर्मन टीटर कोर्टाच्या छपरावर होता. वर्नाला पाहून शिडीवरून उतरला, हात पँटला पुसले.

"वर्नाबाई, खोकं मीच उतरवलं माळ्यावरून. गेल्या आठवड्यात सोमवारी सबंध दिवस माझ्या गाडीत पडून होतं. मला पळवायचं असतं तर तेव्हाच नसतं का पळवलं? आणि आमचे टीटर तर त्या आठवड्यात गढीत नव्हतेच ना?"

"नव्हते. सगळं घर मीठ उकळायला खाऱ्या झऱ्यावर गेलं होतं, असं पहिल्याच पानावर आहे."

"मग झालं तर." तो जायला वळला आणि थांबला. "पण एक सांगू का? काल पाचच्या सुमारास मी या छपरावरच होतो. तुरुंगाच्या धुराड्यातून धूर येत होता. मला वाटलं, तुम्हीच असाल."

वर्नाने तुरुंगाच्या धुराड्याकडे पाहिलं. चार वाजता ती निघाली तेव्हा शेगडी थंड होती. ती तशीच कचेरीत परतली, शेगडीचं झाकण उघडून राखेत हात घातला. लाकडाची राख होती. जुना, चिंध्यांच्या लगद्याचा कागद जळला की त्याची काळी पापडी उरते; तशी काही दिसत नव्हती. पण राख ढवळली असेल तर कोण सांगणार?

दुपारी ती डेल्फाकडे गेली. डेल्फा अंगणात तांब्याच्या कढईपाशी उभी होती, लांब दांड्याने सफरचंदाचा गर ढवळत. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या. शाळेत पोरं डेल्फाला बघून ओरडायची, "ए रड, दार लाव गं!" आणि खिदळायची. तिच्या बापालाही चर्चच्या पायरीवर हेच ऐकावं लागलं होतं, आणि आजोबांनाही. या खोऱ्यात रडचं नाव घेतलं की दार आलंच.

"तू काल कचेरीत गेली होतीस?" वर्नाने विचारलं.

"साडेचारला. शिवलेली करवही ठेवायला. ठेवली आणि आले." डेल्फाची नजर कढईवरून हलली नाही.

"कोणी दिसलं?"

"नाही."

"डेल्फा, जबानीची शेवटची पानं गेली. अडसर कोणी काढला ते त्यात होतं."

"कळलं मला. बाजूला हो, उडेल अंगावर, भाजशील."

वर्ना गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही. साठ वर्षं डेल्फा एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होती: ॲब्सलम खरंच फितूर होता का? आज ते उत्तर हाताशी येऊन निसटलं होतं, आणि तिने साधं एवढंही विचारलं नव्हतं की पहिल्या दोन पानांत माझ्या ॲब्सलमबद्दल काय लिहिलंय.

४

लिओना मोटेलच्या आवारात होती. तिने गाडीची चारही दारं उघडून ठेवली होती, आणि डिकीतलं सामान एकेक करून सिमेंटवर मांडत होती. बॅग, कांबळं, खाऊचा डबा, वह्यांचा गठ्ठा.

"हे काय करताय?"

"तुमचा शेरीफ येऊन गेला. घाबरत घाबरत विचारत होता, गाडी बघू का म्हणून. म्हटलं, जरा वेळाने या, मीच सगळं काढून दाखवते." तिने वह्यांचा गठ्ठा आपटला. "माझ्या माणसांचे कागद तुमच्या कपाटात. तुमच्या कुलपात. किल्ल्या तुमच्या चौघांकडे. आणि चोर मी?"

"मी त्याला पाठवलं नव्हतं."

"अडवलंही नाहीत."

हे खरं होतं. वर्ना खाली वाकली आणि कांबळ्याची घडी घालू लागली. लिओनाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

मग लिओना गाडीच्या दारात टेकली. "तुम्हाला वाटतं मला कोणाला तरी दोषी ठरवायचंय. मला नावं हवी आहेत हो. किती जण होते, कुठे पुरले. आजी सांगायची, त्यांच्यातली एकच मुलगी जिवंत परत आली. सहा वर्षांची. एका गोऱ्या माणसाने तिला पाठीवर घेऊन चार दिवस चालत आणलं. आणून सोडलं आणि तो परत गेलाच नाही. म्हणाला, आता तिकडे मला जागा नाही. आमच्यातच म्हातारा होऊन मेला. ती मुलगी म्हणजे आमच्या घराचं मूळ."

"त्याचं नाव?"

"नाव आमच्या लोकांनीच ठेवलं. आमच्या घरात अजून पोरांना सांगतात, माणूस व्हायचं तर त्याच्यासारखं व्हा." लिओनाने त्यांच्या भाषेतलं एक नाव उच्चारलं, मग त्याचा अर्थ सांगितला. "दार उघडणारा."

५

गुरुवारी सकाळी वर्ना एकटीच कचेरीत बसली. उरलेली दोन पानं समोर होती.

लिओनाचा 'दार उघडणारा' म्हणजे ॲब्सलम रडच. त्याने दार उघडलं होतं, ते एका मुलीला बाहेर काढायला. पाटीवरचा शब्द खोटा नव्हता, अर्थ खोटा होता. पण मग जबानीतला अडसर? तो गढीच्या दाराचा नव्हेच. पाहुणे कोठारात होते. तो अडसर कोठाराचा. पहाटे कोणीतरी कोठार उघडलं, आणि आत जे झालं ते झालं.

कोणी?

तिने पानं हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट त्यांची शिवण पाहिली. चारही पानं १८३३ साली कोपऱ्यात तपकिरी तागाच्या दोऱ्याने टाचलेली होती. आताही उरलेली दोन तशीच टाचलेली होती. तोच दोरा, तीच जुनी भोकं, नवीन एकही नाही. चोराने शिवण उसवून दोन पानं काढली, आणि उरलेली दोन सुटी होऊन फाटू नयेत म्हणून पुन्हा शिवून ठेवली. चपटी गाठ मारून, कागदावर वळ उठणार नाही अशी.

चोरी करताना इतकी माया कोण करतं?

वर्नाला ते हात ठाऊक होते. तरी तिने मनाला आवर घातला. नुसत्या गाठीवरून माणसाला चोर म्हणता येत नाही. कारण हवं. आणि डेल्फाकडे तर कारण नव्हतंच. तो कागद तिच्या घराण्यावरचा डाग धुऊन काढणारा होता.

मग तिने प्रश्न उलटा धरला. पहिली दोन पानं का ठेवली?

होबार्टकाकांनी पानं नेली असती तर पहिली दोन आधी नेली असती. त्यांच्या जेकबची बदनामी त्यांतच होती, आणि मूळ कागद नसला की विषय संपला, असं ते स्वतःच म्हणाले होते. थर्मनचे टीटर त्या दिवशी गढीत नव्हते, त्याला लपवायला काही नव्हतं. लिओनाकडे किल्ली नव्हती, आणि तिला जे हवं ते त्याच पानांत होतं. चोराला किटलांची फिकीर नव्हती, रडांची नव्हती. त्याला जपायचं होतं ते नाव शेवटच्या दोन पानांतच होतं.

गढीत घरं चार. किटल, रड, टीटर. तिने पेन्सिलीने एकेक नाव खोडलं आणि उरलेल्या चौथ्या नावाकडे पाहत राहिली. ते तिचं स्वतःचं होतं.

डेल्फाने दार उघडलं तेव्हा वर्नाने काहीच विचारलं नाही. नुसता हात पुढे केला. डेल्फा आत गेली आणि गोधड्यांच्या पेटीतून, दोन सुती फडक्यांच्या मधून, पानं घेऊन आली.

"जाळायला बसले होते," ती म्हणाली. "शेगडी पेटवली. तासभर बसले. कागद आहे गं, हात होईना."

"तू वाचलंस?"

"वाचलं. माझ्या बापाने हे वाचायला काय दिलं नसतं! मी मोठ्याने रडले तिथे. मग मागे जाऊन पहिली ओळ पुन्हा वाचली, तिथे तुझ्या कॉनराडचं नाव होतं." ती खुर्चीत बसली. "वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नव्हतं. तू आलीस, दप्तर ठेवलंस आणि बसलीस. सहा वर्षांची होतीस. आता म्हातारपणी लोकांनी तुला बघून ओरडावं? मला सवय आहे वर्ना. तुला नाही."

वर्नाला डेल्फाला जवळ घ्यायचं होतं. पण मोटेलच्या सिमेंटवर मांडलेलं ते सामान तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

"मला वाचवलंस," ती हळू म्हणाली. "आणि त्या बाईच्या माणसांना पुन्हा कोठारात कोंडलंस. वरून अडसर लावलास."

डेल्फाने अंगावर आलेला घाव सोसावा तसे डोळे मिटले.

६

लिओनाला वर्नाने ती पानं त्याच दुपारी वाचायला दिली. सगळ्यांत आधी तिला.

शनिवारी चर्चच्या तळघरात पस्तीस-चाळीस माणसं जमली. शेवटची दोन पानं वर्नाने उभी राहून वाचली. कॉनराड क्रिसलिप आणि आणखी दोघांनी पाहुण्यांचे घोडे आणि मीठ यांवर डोळा ठेवून पहाटे कोठाराचा अडसर काढला. कॉनराडच्या हातात कुऱ्हाड होती. एक पुरुष, दोन बायका आणि एक लहान मुलगा त्यांनी मारला. मुलगी कणसांच्या ढिगात दडली होती. ॲब्सलम रडने तिला पाठीवर बांधलं, गढीचं दार उघडलं आणि गेला. नऊ दिवसांनी सूड घ्यायला त्या पाहुण्यांच्या जमातीची माणसं आली, आणि मागे उरलेल्यांनी सगळा दोष निघून गेलेल्या ॲब्सलमच्या नावावर घातला. 'मला गप्प राहायला सांगितले. मी एक्कावन्न वर्षे गप्प राहिले,' असं बार्बराने शेवटी सांगितलं होतं.

"खोटं आहे!" होबार्ट किटल मागून म्हणाले. "मूळ कागद दाखवा."

वर्नाने मूळ कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याने भिंग लावून खालची सही शोधली. बार्बराला लिहिता येत नव्हतं. तिने फुली मारली होती. त्या फुलीवर त्यांनी भिंग बराच वेळ धरून ठेवलं. बार्बरा त्यांच्या खापरपणजोबांची सख्खी बहीण. मग ते कोणाकडे न बघता खाली बसले.

"आणि पानं चोरली कोणी, ते सांग की!" वर्नाचा चुलतभाऊ ओरडला. "की तूच लपवली होतीस?"

डेल्फा रड मधल्या रांगेतून उठली. "मी नेली होती," ती म्हणाली. "क्रिसलिपांचं नाव राहावं म्हणून नेली होती. चूक झाली." मग ती लिओनाकडे वळली. "बाई, तुमची माफी मागते."

लिओनाने मान हलवली. ती माफी होती की नुसती पोच, ते वर्नाला कळलं नाही.

पाटीवरच्या नव्या मजकुराच्या बाजूने एकोणीस हात वर झाले, विरुद्ध सतरा. चुलतभाऊ निकाल लागण्याआधीच बायकोला घेऊन निघून गेला. वर्नाजवळून जाताना तो थांबला. "आईबापांच्या थडग्यावर फूल ठेवायला कोणत्या तोंडाने जाशील आता?" एवढं विचारून गेला.

चौथ्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती वर्नाने सभेत वाचली नव्हती. चौघांना कुठे पुरलं त्याची. 'ओढ्यापासून चाळीस काठ्या वर, दोन झऱ्यांच्या मध्ये.' अशा काठ्यांनी मोजलेल्या जमिनी वर्नाने एकतीस वर्षं नोंदवल्या होत्या. तिला मोजायचीही गरज पडली नाही.

रविवारी दुपारी ती लिओनाला तिथे घेऊन गेली. डेल्फाही आली, पण रस्त्यावरच थांबली. कापणी झालेलं शेत होतं, मक्याचे खुंट तेवढे रांगेत उभे. दोन्ही बाजूंनी झऱ्यांचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

"मला एकटीला जाऊ दे," लिओना म्हणाली. पहिल्यांदाच ती वर्नाला अगं-तुगं करत होती.

वर्ना कुंपणापाशी उभी राहिली. लिओना खुंटांतून चालत मध्यापर्यंत गेली आणि खाली बसली. ती काय बोलत होती ते इथवर ऐकू येत नव्हतं. वाऱ्याने कधीतरी एखादा स्वर यायचा, तिच्या भाषेतला. बऱ्याच वेळाने ती उठली आणि परत आली. तिच्या गुडघ्यांना माती होती, ती तिने झटकली नाही.

"शेत कोणाचं?"

"माझं," वर्ना म्हणाली. "वडिलांचं होतं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं. कॉनराडपासून आमच्याकडेच आहे."

"इथे नांगर फिरतो?"

"दर वर्षी. मका लावतो."

लिओनाने त्या खुंटांकडे पाहिलं, मग वर्नाकडे. "आणि तो खाता तुम्ही?"

वर्नाला खोटं बोलता आलं असतं. गुरांना घालतो, बाजारात जातो, असं काहीतरी.

"खातो," ती म्हणाली. "लहानपणापासून."